क्रूसाच्या पायाशी बारा जुड्या

अमाकालको, मंगळवार, ६ फेब्रुवारी २००७

एलिसेओ,

तुला एक आजी आहे. विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. बुटकी, डाव्या पायानं लंगडी, तू गेलास तेव्हा पुढचे चार दात होते, आता दोन आहेत. नाव फिलोमेना. तुमचे आईबाप गेल्यावर तुला आणि तुझ्या धाकट्या भावाला, नाबोरला, वाढवलं ती हीच. सहा वर्षांत तुला घराचा पत्ता आठवला नाही, असं मी लोकांना सांगते. घर तिथंच आहे. दारही त्याच बाजूला आहे.

अक्षर म्हणजे मला मुंग्यांची रांग, हे तुला माहीत आहे. तेव्हा हे बोलणं माझं आणि बोटं डॉन मेलितोनची. बाजारात कमानीखाली टाइपरायटर घेऊन बसतो तो. कोर्टाचे अर्ज आणि प्रेमपत्रं एकाच तोंडानं लिहितो. त्याला ताकीद दिली आहे की मी बोलेन तेच उमटलं पाहिजे. पहिल्याच ओळीत यानं ‘परमप्रिय’ घातलं होतं. खोडायला लावलं. परमप्रिय माणसं पत्रं पाठवतात. प्रत्येक ओळ वाचून दाखव म्हटलं, तर म्हणतो, “डोन्या फिला, अशानं संध्याकाळ होईल.” मी म्हटलं, “तुझ्या घरी कोण वाट बघत बसलंय?” तेव्हापासून गप्प टाइप करतोय. हेही लिही म्हटलं. लिहिलं म्हणतो.

तुझा पत्ता शेजारच्या पांफिलोच्या लेकीकडून मिळाला. ती सांगत होती, तू फ्लोरिडात माशांच्या शेतावर आहेस आणि तिथं तळ्यातून तीच हिरवी काडी, माशांच्या टाकीत लावायची पाण्यातली वनस्पती, पिकवतोस, जुड्या बांधतोस, खोक्यात भरतोस. मी म्हटलं, बरोबर आहे, दुसरं काही येतंय कुठं त्याला. मग घरी येऊन बराच वेळ खुर्चीत बसले.

इकडची खबर. माझ्या स्वयंपाकघरातली काचेची टाकी अजून आहे. काळ्या मोली मासोळ्याही आहेत, तू सोडलेल्यांच्या नातींच्या नाती. काडीही आहे. दर शनिवारी कापते. तुझी कात्री मात्र कुठं ठेवलीस ते सांगायचं राहून गेलं, म्हणून शिंप्याची वापरते. खरं तर तेवढंच विचारायला पत्र लिहितेय.

तुझी भावजय हासिन्ता बरी आहे. एकाच अंगणात आमच्या दोन चुली. माझं ताट ती दोन्ही वेळा मधल्या बुटक्या भिंतीवर आणून ठेवते. काळा घेवडा असा खारट करते की मी तांब्याभर पाणी पिते. म्हटलं, “अगं, समुद्र कशाला शिजवतेस?” तर म्हणते, “नाबोरला असाच लागायचा.” सहा वर्षं झाली नाबोरला जाऊन, तरी मीठ त्याच्याच जिभेचं. मी खाते. मिरेया सात वर्षांची झाली. बापासारखीच पाण्यात जायला बघते. आई पायरीवर काठी घेऊन बसते.

आणि हो. गावाच्या जानेवारीच्या सभेत तू फ्लोरिडाहून पाठवलेला कागद वाचला. अध्यक्ष आनाक्लेतोनं उभं राहून वाचला. ‘काडी मी गावात आणली. भावाच्या कमरेची गाठ मी बांधली आणि ती सुटली. माझी पाण्याची पाळी मी सोडतो. ती मिरेयाच्या नावावर करावी. मी परत येणार नाही.’ खाली तुझी सही. सगळे माना हलवत होते. एप्रिलच्या पंधरा तारखेच्या सभेत हात वर करून मंजूर करणार आहेत.

त्या कागदात चुका आहेत, एलिसेओ. एवढंच सांगते. मेलितोन वर बघतोय. त्याला म्हटलं, तू खाली बघ.

आजी

मंगळवार, २७ फेब्रुवारी

एलिसेओ,

उत्तर नाही. टपालखात्याला दोष देते, तुला नाही. तीन आठवड्यांत कागद फ्लोरिडाला जाऊन परत येत नसेल तर त्या देशात एवढी विमानं कशाला ठेवलीत?

आज मी टाकीबद्दलच बोलणार आहे. मेलितोन जांभया देतोय. देऊ दे. तुला आठवतं का, पाय मोडून मी सहा महिने खाटेवर पडले होते त्या वर्षी तू राजधानीच्या मासेबाजारातून ती काचेची टाकी आणलीस? चार माणसांनी उचलून आत आणली. मी विचारलं, “हे काय, माझी शवपेटी का?” तू म्हणालास, “आजी, तुला ओरडायला कुणीतरी लागतं. आम्ही दिवसभर बाहेर. यांच्यावर ओरड.” आणि आठ काळ्या मोली सोडल्यास. मग पिशवीतून सहा काड्या काढल्यास, शिश्याची पट्टी गुंडाळून वाळूत रोवल्यास. विकणारा म्हणाला होता, ही हिंदुस्थानातली. हिंदुस्थानातली माणसं कशी असतात मी बघितली नाहीत, पण त्यांची काडी मरणारी नाही.

खाटेवरून मी तेवढंच बघायचे. एक एक पेर वाढायचं. प्रत्येक पेराला समोरासमोर दोन पानं, आणि पेरातून पांढरा दोरा सुटायचा, वाळूकडे हात केल्यासारखा. वरची पानं दिव्याखाली गुलाबी व्हायची. तीन आठवड्यांत काड्या पाण्याच्या वर आल्या, आडव्या झाल्या, मासे दिसेनात. मग तू मला कापायला शिकवलंस. वरचा शेंडा कापायचा, खालच्याला दोन फुटतात. कापलेला शेंडा रोवला की तोही झाड. साधं पान गळून तरंगलं तरी त्याला मूळ फुटायचं. मी म्हटलं, “हे तर आपल्या घराण्यापेक्षा चिवट.” तू हसला नाहीस. तू कात्री माझ्या हातात देऊन म्हणालास, “आजी, कापलेलं गच्चीवर वाळवायचं. करकरीत वाळलं की चुलीत. पाटात नाही. झऱ्यात तर कधीच नाही. कळलं?”

“कळलं.”

“परत सांग.”

“पाटात नाही, झऱ्यात नाही. मी काय बाळ आहे?”

नाबोर दारात उभा राहून शेंगदाणे खात होता. तो म्हणाला, “दादा, आजीला नियम सांगतोयस? दगडाला सांग.” तू त्याला टोपी फेकून मारलीस.

तसं मी अकरा महिने केलं. दर शनिवारी कापायचं, टोपलीत घालायचं, नाबोर गच्चीवर नेऊन पसरायचा. मनात काही वाकडं नव्हतं माझ्या. अकरा महिने मी शहाणी होते.

मग ऑगस्टात झऱ्यात काडी सापडली. पहिल्यांदा तूच बघितलीस. तू पाण्यात गुडघाभर उभा होतास, हातात ती दोन हात लांब काडी, आणि तुझं तोंड पिठासारखं पांढरं. पुढच्या सभेत तू आपणहून उठलास. म्हणालास, “माझ्या टाक्यांचं धुण्याचं पाणी पाटात जातं. त्यातूनच गेली असणार. चूक माझी.” झऱ्यावर सगळ्या गावाच्या माशांच्या टाक्या. लोक ओरडले. सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो आनाक्लेतो, आणि त्याच्या टाकीचं धुणं अजून पाटातच जातं. तू मान खाली घालून उभा होतास.

मी तिसऱ्या बाकावर बसले होते. मांडीवर शेंगा होत्या. मी शेंगा सोलत होते.

आज इतकंच. परतीची गाडी सुटेल माझी. मेलितोन म्हणतोय गाडीला अजून तास आहे. त्याला काय कळतं.

आजी

मंगळवार, २० मार्च

एलिसेओ,

परवा नाबोरला सहा वर्षं झाली. हासिन्तानं थडगं धुतलं, मी फुलं ठेवली. तिनं तुझं नाव घेतलं नाही. ती कधीच घेत नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्या सकाळी ती तुला दारात म्हणाली होती, “काडी तू आणलीस. गाठ तू बांधलीस. आता इथं काय उरलंय तुझं?” तू टोपीसुद्धा घेतली नाहीस. टोपी माझ्याकडे आहे. उंदरांनी एक बाजू खाल्ली आहे, पण त्या बाजूला तसंही तुझं डोकं कमीच होतं.

आता सांगते. मेलितोन, हळू टाइप कर. चुकलं तर मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.

आमच्याकडे मे महिन्याच्या तीन तारखेला झऱ्यातल्या क्रूसाला सजवतात. तू फ्लोरिडात जाऊन हे विसरला असशील तर आठव. लाकडी क्रूस, पाय पाण्यात, झऱ्याच्या तोंडापासून दहा पावलांवर. दर वर्षी एका बाईला मान. वाहिलेलं काही परत घ्यायचं नाही, पाण्यानं नेलं तर नेलं, कुजलं तर कुजलं. हात लावला तर झरा आटतो असं माझ्या आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं.

काडी सापडली त्याच वर्षी तो मान माझ्याकडे आला होता. एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा. त्याआधी पाय मोडला, त्याआधी तुम्ही लहान, त्याआधी मी गरीब. दर वर्षी कुणीतरी दुसरी. आणि दर वर्षी मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत सगळी फुलं माना टाकायची. मी ठरवलं होतं, माझा क्रूस वाळणार नाही. आठवडाभर हिरवा राहील. साऱ्याजणींनी बघत राहावं.

शनिवारी कापलेली काडी टोपलीत होती. किती हिरवी, एलिसेओ. शेंड्याला गुलाबी. मी पांढऱ्या दोऱ्यानं बारा जुड्या बांधल्या. नाबोरला म्हटलं, “टोपली उचल, झऱ्यावर चल.” त्यानं टोपलीत बघितलं. म्हणाला, “आजी, दादानं सांगितलंय ना?” मी म्हटलं, “क्रूसाला वाहिलेल्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का? आणि सण झाला की मी काढीन.” काढायचं नसतं हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्यानं टोपली उचलली. माझं लाडकं होतं ते.

क्रूसाच्या पायाशी, पाण्यात, बारा जुड्या रोवल्या. वरून कागदी फुलं. बाया म्हणाल्या, “फिला, कसा टवटवीत गं!” त्यांना वाटलं झऱ्यातलाच पाला आहे. आठ दिवस हिरवा होता. मग मी जाऊन बघितलं नाही. पाय दुखत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

ऑगस्टातल्या त्या सभेत तू उठलास तेव्हा मला उठायला जागा होती. मी हिशेब केला, हा पुरुषमाणूस आहे, चार शिव्या खाईल, चार दिवस पाट उपसेल, विषय संपेल. मी उठले असते तर मरेपर्यंत ‘क्रूसाच्या नावानं झरा बुजवणारी’ झाले असते. म्हणून शेंगा सोलल्या. मग गावानं मिळून काडी उपटली. उपटताना तुकडे झाले, तुकडे वाहत गेले, जिथं अडकले तिथं रुजले. पुढच्या वर्षी दुप्पट. त्याच्या पुढच्या मार्चात झऱ्याचं तोंडच बुजलं, टाक्यांना पाणी मिळेना, आणि सफाईला आत उतरायला नाबोर पुढं झाला.

तुझी टाकी दोषी नव्हती. तुझं धुण्याचं पाणी दोषी नव्हतं. मी होते.

मेलितोन थांबला आहे. मला म्हणतो, “डोन्या फिला, हे टपालात घालायचं? नक्की?” मी म्हटलं, “तू धर्मगुरू आहेस का टाइप करणारा?” तो रुमालानं चष्मा पुसतोय. चष्म्याला काही झालेलं नाही.

पंधरा एप्रिलला मी सभेत हेच सांगणार आहे. त्या दिवशी हासिन्ता पहिल्या बाकावर असेल. दोन वेळचं ताट तिच्या हातचं आहे, आणि मिरेया माझ्या मांडीवर झोपते. ते दोन्ही जाईल. तू त्याची काळजी करू नकोस. करत नव्हतासच म्हणा.

आजी

मंगळवार, २४ एप्रिल

एलिसेओ,

सांगितलं.

आनाक्लेतो म्हणाला, “डोन्या फिला, बसून बोला.” मी म्हटलं, “बसून फार वर्षं गप्प राहिले, आता उभीच राहते.” क्रूस, जुड्या, पांढरा दोरा, सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. कुणी ओरडलं नाही. मागून एकजण हसला आणि म्हणाला, “म्हणजे आपण इतकी वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या.” त्यावर दुसरा म्हणाला, “वाया नाही गेल्या, घराणं तेच आहे.” तुझा कागद आनाक्लेतोनं घडी घालून माझ्या हातात दिला. मंजूर झाला नाही. तुझी पाण्याची पाळी तुझ्याच नावावर आहे. माझं नाव क्रूसाच्या मानातून काढलं. तसं काढायला उरलं काय होतं, एकदाच मिळाला होता.

हासिन्ता माझ्या पुढं चालत होती. घरी आलो. मी जेवायला बसले होते, ताट तिनं नेहमीसारखंच भिंतीवर ठेवलं होतं, सवयीनं असेल. ती समोर येऊन उभी राहिली.

“नाबोरला ठाऊक होतं?”

खोटं बोलायला तोंडात घास होता, तेवढा वेळ मिळाला असता. म्हटलं, “होतं. टोपली त्यानंच उचलली.”

“म्हणून तो उतरला. सगळ्यांच्या आधी.”

“हो.”

तिनं माझ्यासमोरचं ताट उचललं आणि कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनीसुद्धा माझ्याकडे बघूनच खाल्लं. त्या दिवसापासून भिंतीवर ताट नाही. मिरेयाला अंगणाच्या माझ्या बाजूला यायला बंदी. ती पायरीवरून हात हलवते. हासिन्ता तिकडं तोंड फिरवते तेवढ्यात.

मी माझं शिजवते. मक्याच्या तोर्तिया जळतात. दोन दातांना जळलेलं बरं, आवाज तरी होतो.

घरी आणखी एक गोष्ट केली. आजारी माशांसाठी तू जाड्या मिठाची गोणी फळीवर ठेवली होतीस. तू म्हणायचास, मोलीला मीठ सोसतं, काडीला नाही, म्हणून चिमूटभरच टाक. सहा वर्षं ते मीठ माझ्या डोक्यावर होतं आणि मी दर शनिवारी कात्री चालवत होते. का कुणास ठाऊक. तुझ्या हातची होती ती काडी, तेवढंच. या वेळी ओंजळीनं मीठ टाकलं, तीन दिवस, रोज थोडं. पहिल्या दिवशी पानं काचेसारखी झाली. चौथ्या दिवशी देठ बोटात धरला की विरघळायचा. आठवड्यात सगळी काडी म्हणजे तपकिरी सूप. गाळून गच्चीवर टाकलं, पाटात नाही. बघ, शिकले मी.

मोली जिवंत आहेत. लपायला काही नाही म्हणून टाकीच्या मधोमध उभ्या राहून एकमेकींकडे बघत असतात. आमच्यासारख्या.

झऱ्यात मीठ टाकता येत नाही. तिथली काडी आहे तशी आहे. दर मार्चात उपसतात, दर पावसात येते. ती माझ्यानंतरही राहील.

आजी

मंगळवार, ८ मे

एलिसेओ,

तुझं पत्र आलं. मेलितोननं दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मी नको म्हटलं. तीन ओळींना तीनदा वाचायचं काय असतं? ‘आजी, काडी कुणीही लावलेली असो. गाठ माझ्या हातची होती. ती सुटली.’ एवढंच. सहा वर्षांनी नातवानं आजीला लिहिलं आणि तब्येत कशी आहे ते विचारलं नाही. बरी आहे.

मला वाटलं होतं काडीचं सांगितलं की तू सुटशील. तू दुसऱ्याच ठिकाणी अडकला आहेस. मला ते माहीत होतं. तुझा कागद ऐकल्यापासून माहीत होतं. म्हणून पहिल्या पत्रात म्हटलं, चुका आहेत. एक सांगितली. दुसरी आता सांगते. ही मी सभेत सांगितली नाही, ती तुझी आणि हासिन्ताची आहे. तीन तारखेला हासिन्ताला सांगितली, आज तुला.

सफाईच्या त्या दिवशी तू पलीकडच्या काठावर दोर धरून होतास. मध्ये उपसलेल्या काडीचा ढीग, माणसाएवढा. तुला अलीकडचं दिसत नव्हतं. मी अलीकडे, धुण्याच्या दगडावर बसले होते, माझ्या पायाच्या दुखण्याचं कारण सांगून. खरं तर मला नाबोरवर डोळा ठेवायचा होता.

तो पहिल्यांदा आत गेला, परत आला. दुसऱ्यांदा गेला, आणि वर आला तो माझ्या पायाशी. अंगभर काडी, केसात, मानेत. धापा टाकत होता आणि हसत होता. म्हणाला, “आजी, दोर अपुरा पडतोय. तोंडापर्यंत जातच नाही. तिथलाच गड्डा काढला की झालं.” आणि त्यानं कमरेतली गाठ सोडली. तुझी गाठ, एलिसेओ. घट्ट होती. त्याला दातांनी सोडवावी लागली. मग दोर ढिला पडून तुला कळू नये म्हणून त्यानं पुन्हा तसाच फास बांधला आणि पाण्यातल्या मुळीला अडकवला.

मी म्हटलं, “एलिसेओला सांग, लांब दोर आणेल.”

म्हणाला, “दादा ओरडेल. उतरू देणार नाही. तू गप्प राहा, आजी. तू लावलेलं आहे, मी काढतो. कुणाला कळणार नाही.”

बोट ओठावर ठेवलं आणि गेला.

मी गप्प राहिले. तुला एक हाक मारायची होती फक्त. ढिगाच्या पलीकडे तू होतास, दहा हातांवर. मी गप्प राहिले, कारण तू विचारलं असतंस, एवढी कसली घाई आहे त्याला.

मग तू ओढायला लागलास. मुळी तुटेपर्यंत ओढलंस, तुझ्या तळहाताची कातडी निघाली, मी त्यावर डुकराची चरबी लावली ती याच हातांनी. दोर वर आला तेव्हा फास रिकामा होता. पण गाठ बांधलेलीच होती. तू ती बघितलीस आणि तुला वाटलं, सैल होती, त्यातून तो निसटला. सगळ्या गावाला तेच वाटलं. मी चरबी लावत होते आणि तुझ्या डोळ्यांत बघत होते आणि मला ठाऊक होतं.

गाठ सैल नव्हती. हे तुला कुणी सांगणारं जगात मी एकटीच होते, आणि मी सहा वर्षं वाट बघितली. कशाची, ते मला विचारू नकोस. भीतीला तारीख नसते.

मेलितोन रडतोय. त्याला म्हटलं, कागद भिजवू नकोस, शाई पसरेल.

तीन तारखेला क्रूसाचा दिवस होता. मला कुणी बोलावलं नाही. मी दुपारी गेले, बाया परतल्यावर. फुलांनी माना टाकल्या होत्या. हासिन्ता तिथं होती, त्याच दगडावर बसली होती. तिला गाठीचं सांगितलं. ती पाण्याकडे वळली. मग म्हणाली, “दातांनी सोडवली?”

“दातांनी.”

“म्हणजे घट्ट होती.”

“घट्ट होती.”

एवढंच बोलली. उठताना मला हात दिला नाही. मी आपली आपण उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर वाडगा होता. झाकलेला. वर दोन तोर्तिया. उघडलं, काळा घेवडा. घास घेतला. मीठ नाही. कणभर नाही. सहा वर्षं जिनं समुद्र शिजवला, ती मीठ विसरत नसते. काल तसाच. आज सकाळीही तसाच. वाडगा धुऊन भिंतीवर पालथा ठेवते, ती घेऊन जाते.

आणि ऐक. काल मिरेया पायरीवरून ओरडून विचारत होती, “एलिसेओ काका म्हणजे कोण?” मला वाटलं आता हिला थप्पड बसणार. हासिन्ता तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझ्या बाबाचा भाऊ. तुझ्या पणजीला विचार. तिला सगळं ठाऊक असतं, सांगते मात्र उशिरा.”

सहा वर्षांत तुझं नाव त्या अंगणात पहिल्यांदा निघालं.

ये असं मी म्हणणार नाही. मला म्हणायचा हक्क नाही. तुझी पाळी गुरुवारची आहे, पाणी दर गुरुवारी तुझ्या रिकाम्या टाक्यांवरून वाहून जातं, एवढं कळवते. टोपीही आहे.

आलास किंवा न आलास, खाण्याचं मात्र पाठव. नीट ऐक, मेलितोन नीट लिहितोय. पीचच्या फोडींचा मोठा डबा, पाकातला, नाबोर उभ्याउभ्या संपवायचा तसला. तो हासिन्ताच्या नावानं पाठव, माझ्या नाही. मिरेयासाठी काहीतरी गोड, दाताला न चिकटणारं, या घरात दातांचं आधीच वाईट चाललंय. मोलींसाठी लाल झाकणाचं खाद्य. माझ्यासाठी काही नको. आणि मीठ पाठवू नकोस. मीठ माझ्या फळीवर आहे, अर्धी गोणी उरली आहे, हात केला की येतं. मी हात करत नाही. तिनं वाढलेलं तसंच खाते, आणि ज्या दिवशी तिच्या हातानं त्यात मीठ पडेल, त्या दिवशी तुला कळवायला बाजारात येईन, पाय असले तर.

आजी